नियम, अपवाद आणि बाटलीतली हवा

अकरावीच्या रसायनशास्त्रात मार्कोव्हनिकॉव्हचा नियम येतो आणि देशभरातले लक्षावधी विद्यार्थी तो पाठ करतात. प्रोपीनशी हायड्रोजन ब्रोमाइडचा संयोग झाला, की द्विबंधातल्या ज्या कार्बनजवळ आधीच अधिक हायड्रोजन आहेत, त्यालाच नवा हायड्रोजन जोडला जातो. ब्रोमीन दुसऱ्या कार्बनकडे जातो आणि २-ब्रोमोप्रोपेन तयार होते. ‘ज्याच्या घरी आधीच आहे, त्याच्याच पदरात आणखी पडते’ असे वर्गात म्हटले, की मुले हसतात आणि नियम लक्षात राहतो. लगेच पुढच्या परिच्छेदात पेरॉक्साइड परिणाम येतो: पेरॉक्साइड असेल तर उलटे घडते आणि १-ब्रोमोप्रोपेन मिळते. हे फक्त हायड्रोजन ब्रोमाइडला लागू. एक नियम, एक अपवाद आणि अपवादाला पुन्हा एक अट. जेईई आणि नीटच्या तयारीसाठी एवढे पुरते.

मी अनेक वर्षे हा भाग शिकवत आले आहे. या दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेत साठाहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते खरा धडा तिथेच आहे.

व्लादिमिर मार्कोव्हनिकॉव्ह हे रशियातल्या कझान इथले रसायनशास्त्रज्ञ, बुटलेरोव्ह यांचे शिष्य. संयुगातले अणू एकमेकांवर कसा प्रभाव पाडतात, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. १८६९-७०च्या सुमारास त्यांनी हा नियम मांडला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ बाकी होता. म्हणजे मार्कोव्हनिकॉव्ह काय घडते ते सांगू शकत होते. आज आपण ज्या भाषेत कारण सांगतो, ती भाषाच त्या वेळी जन्माला आलेली नव्हती.

आज ते कारण आपल्याला ठाऊक आहे. द्विबंधातले इलेक्ट्रॉन प्रथम हायड्रोजनच्या धनभारित टोकाशी बंध जुळवतात. हायड्रोजन टोकाच्या कार्बनला जोडला गेला, तर धनभार मधल्या कार्बनवर येतो आणि शेजारचे दोन मिथिल गट तो भार सोसायला मदत करतात. उलट घडले, तर धनभार टोकाच्या कार्बनवर जवळजवळ एकाकी पडतो. अभिक्रिया अधिक स्थिर कार्बोकॅटायनच्या वाटेने जाते आणि मग ब्रोमाइड आयन त्या धनभारित कार्बनला येऊन मिळतो. हायड्रोजनची संख्या मोजणे ही केवळ खूण आहे. कारण आहे ते मधल्या टप्प्याचे स्थैर्य.

मात्र प्रयोगशाळांमधून विसंगत निष्कर्ष येत राहिले. तेच अल्कीन, तेच हायड्रोजन ब्रोमाइड. एका ठिकाणी एक पदार्थ मिळे, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. कोणी प्रकाशाला जबाबदार धरले, कोणी द्रावकाला, कोणी तापमानाला. दुसऱ्याच्या प्रयोगात काहीतरी चुकले असावे, असे मानणे सर्वांत सोपे होते.

शिकागो विद्यापीठातले मॉरिस खराश आणि त्यांचे सहकारी फ्रँक मेयो यांनी या विसंगतीलाच प्रश्न मानले. त्यांनी ॲलिल ब्रोमाइड निवडले. हवा पूर्णपणे वगळली आणि ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ घातले, तर अभिक्रिया अतिशय संथ चाले आणि नियमाप्रमाणे १,२-डायब्रोमोप्रोपेन मिळे. हवेचा संपर्क असेल किंवा पेरॉक्साइड उपस्थित असेल, तर ती झपाट्याने उरके आणि हाती येई १,३-डायब्रोमोप्रोपेन. १९३३ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साठवणीच्या बाटलीतल्या हवेमुळे ॲलिल ब्रोमाइडमध्ये लेशमात्र पेरॉक्साइड तयार होत होते, आणि तो लेशच अभिक्रियेची दिशा ठरवत होता. भांडणारे दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. त्यांच्या बाटल्या वेगळ्या होत्या.

एवढ्याशा अशुद्धीने एवढे कसे घडते? पेरॉक्साइडमधला दोन ऑक्सिजनमधला बंध दुबळा असतो. तो तुटून मुक्त मूलक तयार होतात. ते हायड्रोजन ब्रोमाइडमधला हायड्रोजन हिरावून घेतात आणि ब्रोमीनचा अणू मोकळा करतात. हा अणू द्विबंधाच्या टोकाच्या कार्बनला जोडला जातो, कारण मग एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर राहतो आणि तिथे तो अधिक स्थिर असतो. तो कार्बन दुसऱ्या हायड्रोजन ब्रोमाइडकडून हायड्रोजन घेतो आणि पुन्हा एक ब्रोमीन अणू मोकळा होतो. साखळी सुरू होते. एक ठिणगी पडली, की असंख्य रेणू पेटत जावेत, तसे हे आहे.

इथे मी विद्यार्थ्यांना थांबवते आणि दोन्ही मार्ग फळ्यावर शेजारी शेजारी काढायला लावते. दोन्हींत पहिला येणारा टोकाच्या कार्बनला जोडला जातो. दोन्हींत अधिक स्थिर असा मधला टप्पाच निवडला जातो. फरक इतकाच, की एका मार्गावर आधी हायड्रोजन येतो, दुसऱ्यावर आधी ब्रोमीन. ज्याला आपण अपवाद म्हणतो, तोही त्याच कारणाचे पालन करत असतो.

अपवादाची अटही मग पाठ करावी लागत नाही. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यातला बंध तोडायला प्रतिमोल सुमारे ४३१ किलोज्यूल लागतात, ब्रोमीनच्या बाबतीत ३६६, आयोडीनच्या बाबतीत २९८. क्लोरीनशी असलेला बंध इतका बळकट, की कार्बन मूलकाला तिथून हायड्रोजन सहज हिरावता येत नाही. आयोडीनशी असलेला बंध सहज तुटतो, पण आयोडीनच्या अणूला द्विबंधाशी जोडले जाणे ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. साखळीचे दोन्ही टप्पे फक्त ब्रोमीनलाच साधतात.

हे सारे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये अपेक्षित उत्तर आधी लिहायचे आणि निरीक्षणे त्याला साजेशी बेतायची, ही सवय आपल्याकडे किती रुजली आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला ठाऊक आहे. द्रवणांक चार अंशांनी कमी आला, तर तो पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून घेतला जातो. त्या चार अंशांत कदाचित ओलावा असतो, कदाचित अशुद्धी, कदाचित एखादे दुसरेच संयुग. जुळवून घेतलेला आकडा गुण मिळवून देतो आणि एक प्रश्न कायमचा पुसून टाकतो. ॲलिल ब्रोमाइडवर काम करणाऱ्यांनी असेच आकडे जुळवून घेतले असते, तर खराश यांच्यासमोर विसंगतीच उरली नसती.

गमावले काय असते? फक्त परीक्षेतला एक प्रश्न नव्हे. मुक्त मूलकांच्या साखळीची समज पुढे बहुवारिकांच्या रसायनशास्त्रात फार मोलाची ठरली. एका अल्कीनला जोडून दुसरे, दुसऱ्याला जोडून तिसरे, अशीच तर पॉलिथीनची लांबलचक साखळी तयार होते. स्वतः मेयो यांनीही पुढे बहुवारिकांच्या अभ्यासात महत्त्वाचे काम केले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, नियम अवश्य पाठ करा. परीक्षेच्या तीन तासांत तो उपयोगी पडतो. पण प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर ते आहे तसे जर्नलमध्ये नोंदवा आणि शेजारी त्या दिवसाची परिस्थितीही लिहा: बाटली कधी उघडली होती, हवा दमट होती का, पदार्थ किती जुना होता. आणि शिक्षकांना एक विनंती: अशा नोंदीचे गुण कापू नका. तिच्याखाली लाल शाईने फक्त एक शब्द लिहा: ‘का?’