पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध

मला हे आधी कुणी सांगितलं का नाही? दासबोध आमच्या घरात होता हो! लाल कापडात घट्ट बांधलेला, देवघराच्या खालच्या फळीवर. दासनवमीला कापड सोडायचं, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा बांधायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी न चुकता मी हे करत आले आणि आत काय आहे हे मला या मार्चमध्ये कळलं, तेही पैसे घेऊन!

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा. एका छोट्या प्रकाशकाकडून सार्थ दासबोधाची प्रूफं आली. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांच्या वर ओव्या. ‘ओवीला हात लावायचा नाही, फक्त प्रतीशी ताडून बघा,’ असा निरोप. ताडणं आणि वाचणं यांत फरक असतो. ताडताना अर्थाकडे लक्ष द्यायचं नसतं, नाहीतर डोळा पुढे पळतो आणि वेलांटी निसटते. पहिला दशक मी तसाच पार केला. गणेश, शारदा, सद्गुरू, संत, सगळ्यांची स्तवनं झाली. एक रफार, दोन अनुस्वार, छान चाललं होतं.

आणि मग दुसरा दशक उघडला. समास पहिला, मूर्खलक्षण.

मला वाटलं होतं, आता माया येईल, ब्रह्म येईल, काहीतरी उंचावरचं येईल. तर समर्थ रामदास सांगताहेत की जो दोन्ही हातांनी डोकं खाजवतो तो मूर्ख. दोघं बोलत असताना जो तिसरा मध्ये जाऊन बसतो तो मूर्ख. चारजण जागे असताना जो खुशाल झोपतो आणि परक्याच्या घरी जो आडवा हात मारून जेवतो, तोही मूर्ख. दात, डोळे, नाक, कपडे, पाय कायम मळके ठेवणाराही त्यातच. अशा सत्तरच्या वर ओव्या! हसता हसता माझा चहा प्रुफावर सांडला. साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवथरघळीत, धबधब्याच्या आवाजात बसून हा संन्यासी सांगतोय आणि शिष्य कल्याणस्वामी मान खाली घालून लिहून घेताहेत, अशी परंपरेने डोळ्यांपुढे ठेवलेली जागा, आणि विषय काय, तर डोकं खाजवणं!

मग दोन लक्षणं आली आणि माझं हसू थांबलं. एक म्हणजे पुस्तक वाचताना जो अक्षरं गाळतो किंवा पदरची घालतो, तो. (हे तर आमच्या धंद्याचं बोधचिन्ह व्हायला हवं.) आणि दुसरं त्याच्याच शेजारी: जो पोथी स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, नुसती बांधून ठेवतो. मी मान वळवून देवघराकडे पाहिलं. लाल कापड. माझ्याच हातची गाठ.

त्या दिवशी ताडणं संपलं आणि मी वाचायला लागले.

त्याच दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, पढतमूर्ख येतो. हा मूर्ख पहिल्यासारखा नाही. हा बहुश्रुत आहे, बोलतो उत्तम, याला सगळं कळतं. आणि याचं लक्षण काय? आपल्या जाणतेपणाच्या जोरावर सगळ्यांना नावं ठेवतो, दिसेल त्याचं उणं बघतो. आणि जो दोष समोरच्याच्या माथी मारतो तो नेमका याच्याच अंगात असतो, ते मात्र याला कळत नाही. तो समास मी तीनदा वाचला. छपाईची चूक एकही नव्हती. सगळ्या चुका माझ्याच होत्या!

कारण माझा धंदा टेबलापाशी संपत नाही. मुलगी मेसेज पाठवते, ‘आई मी पोचली’. मी काळजीतून सुटण्याआधी उत्तर टाकते, ‘पोचले’. भाजीवाला पाटीवर ‘मेथि’ लिहितो, मी त्याच्या हातातला खडू घेते. आणि सगळ्यात वाईट, सासूबाई. नातीने विचारलं म्हणून त्या पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायला बसल्या. नऊ वर्षांच्या होत्या त्या, पुण्यात नारायण पेठेत वाडा. ‘साठ सालची गोष्ट,’ एवढंच म्हणाल्या आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘एकसष्ट हो आई! बारा जुलै एकसष्ट!’ बरोबरच होतं माझं. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासलाही फुटलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, सगळं मला तोंडपाठ. सासूबाई म्हणाल्या, ‘मग तूच सांग.’ आणि उठल्या. मुलीला ती गोष्ट मिळाली नाही. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारपणी माणसं चिडचिडी होतात.

आता माझी खरी शोधकथा ऐका! पढतमूर्ख वाचल्यावर मी रात्रीच एक दोनशे पानी वही काढली. जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं ना, तसे रकाने आखले: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. पान म्हणजे दिवस, ओळ म्हणजे वेळ. अशुद्धच्या रकान्यात मी जे बोलले ते जसंच्या तसं, तिखटमीठ न लावता. शुद्धच्या रकान्यात काय बोलता आलं असतं ते. पहिल्या रात्री वाटलं दोनतीन ओळी होतील. सतरा झाल्या! त्यातल्या अकरा दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडल्याच्या. अकरा वेळा, एका दिवसात, आणि मी स्वतःला मितभाषी समजत होते!

चौथ्यापाचव्या दिवशी एक गंमत झाली. मैत्रीण फोनवर ‘विद्वत्वता’ म्हणाली, माझं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मला वहीतली ओळ दिसली, अजून न लिहिलेली. रात्री हे लिहावं लागणार, या कंटाळ्यानेच मी गप्प बसले. तप नाही, निग्रह नाही, नुसता लिहिण्याचा आळस! पण तिचं वाक्य पूर्ण झालं आणि पुढे ती तिच्या भावाबद्दल असं काही बोलली, जे वीस वर्षांत कधी बोलली नव्हती.

मी वेडी झाले. भेटेल त्याला सांगत सुटले. नवऱ्याला मूर्खलक्षणं वाचून दाखवली, प्रत्येक लक्षणाला कोण कोण नातेवाईक बसतात तेही सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘आणि हे आत्ता जे चाललंय, ते कितवं लक्षण?’ रात्री वहीत ती ओळ गेली. ही यादी लोकांना वाटण्यासाठी नाहीच. समासाच्या शेवटी समर्थ स्वतः सांगतात की ही लक्षणं टाकून देण्यासाठी सांगितली. टाकणार कोण? ज्याच्याजवळ आहेत तो.

खालच्या मजल्यावर जैन भाभी राहतात. त्यांना उत्साहाने वही दाखवायला गेले, तर संध्याकाळी त्या कटासणं अंथरत होत्या. म्हणाल्या, ‘प्रतिक्रमण आहे, नंतर ये.’ नंतर गेले, तेव्हा समजलं की दिवसभरात कुणाला दुखावलं, कुठे पाय घसरला, ते आठवून मागे फिरण्याचा हा रोजचा विधी. रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं, पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं संवत्सरीचं. संवत्सरीला त्या दरवर्षी दारात येऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागतात आणि मी त्यावर ‘हो हो, तुम्हालाही’ असं दिवाळीच्या शुभेच्छांसारखं म्हणत आले. इतकी वर्षं ही बाई माझ्या पायाखालच्या मजल्यावर शुद्धिपत्र काढतेय!

आणि बेंजामिन फ्रँकलिन! तो तर मुद्रकच, आमच्या बिरादरीतला. आत्मचरित्रात आपल्या आयुष्यातल्या चुकांना तो चक्क छपाईतल्या चुकांचं नाव देतो. तरुणपणी त्याने तेरा गुणांची यादी केली, छोट्या वहीत सात वारांचे सात रकाने आखले आणि चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्यात एका गुणावर विशेष लक्ष, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. यादीत आधी बाराच गुण होते. क्वेकर पंथाच्या एका मित्राने सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, तेव्हा तेरावा आला, नम्रता. त्याला सगळ्यात जास्त छळलं मात्र टापटिपीने. वस्तू जागच्या जागी ठेवणं काही जमेना. मला हे वाचून फार बरं वाटलं. माझं टेबल बघाल तर कळेल.

पण फ्रँकलिनला चांगला माणूस व्हायचं होतं. मला त्यापलीकडचं काहीतरी टोचत होतं. मी जप करते, बरीच वर्षं. खरं सांगायचं तर माळ फिरायची आणि आत कोर्ट भरायचं. ती तसं का म्हणाली, मी असं उत्तर द्यायला हवं होतं, पुन्हा भेटली की बघते. एकशेआठ मणी, तेवढेच खटले. नाव देवाचं, सुनावणी दुसऱ्यांची. मग लक्षात आलं की दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि भक्तीचा आहे चौथा! ज्ञानाचा दशक तर थेट आठवा. मी पायऱ्या सोडून वरच्या मजल्यावर उडी मारत होते आणि रोज तोंडावर पडत होते. समर्थ अंगणापासून सुरुवात करतात: नाक पूस, पाय धू, दोघांच्या मध्ये बसू नकोस, मग आत ये. अध्यात्म इतकं खाली वाकून सुरू होतं, हे मला ठाऊकच नव्हतं!

आता वही आधी, माळ नंतर. खटले लिहून निकाली निघालेले असतात, त्यातही बहुतेकांत आरोपी मीच निघालेली. मग जपात मधेच एखादी जागा मोकळी सापडते. तीनचार मण्यांची. तिथे काहीच नसतं, कुणीच नसतं, नुसतं नाव. मग पाचव्या मण्याला भाजीवाला येतोच. पण ते चार मणी! गेल्या इतक्या वर्षांच्या जपात असे चार मणी मला मिळाल्याचं आठवत नाही.

ओळी कमी झाल्यात म्हणाल तर सतराच्या नऊ झाल्यात. काल पुन्हा चौदा. रिक्षावाल्याशी वाद झाला.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसले. मुलगीही आली. मी म्हटलं, ‘आई, ते पानशेतचं राहिलंय.’ त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, ‘साठ सालची गोष्ट,’ आणि थांबल्या. सवयीने थांबल्या, मी दुरुस्त करावं म्हणून. पंखा फिरत होता. मी जीभ दातांत धरून बसले होते, खरोखरच दातांत.

‘एकसष्ट ना गं?’ त्यांनीच विचारलं.

‘असेल,’ मी म्हटलं. ‘पाणी तुमच्या वाड्यात कुठवर आलं होतं?’