शाळेत जाशील ती पाना-पकड घेऊन

प्रिय चिमणे,



परवा फोनवर तू इतकी रडवेली होतीस, की माझं म्हणणं तेव्हा पुढे रेटावंसं वाटलं नाही. म्हणून लिहिते आहे. कॉलेजच्या रोबोकॉन टीममध्ये तुझी निवड झाली याचा घरात सगळ्यांना आनंद आहे; तुला मात्र तो नाही, कारण बरोबरीच्या मुलांना चासी, सर्किट, प्रोग्रॅमिंग मिळालं आणि तुझ्या वाट्याला आउटरीच आली. ‘मावशी, मला शाळाशाळांतून भाषणं द्यायला ठेवलंय,’ असं तू म्हणालीस. तुझी समजूत घालायची म्हणून मी हे म्हणत नाही, पण टीममधलं सगळ्यात कठीण काम तुला मिळालं आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी रोबोकॉन स्पर्धेकडेच बघ. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियननं ती २००२ साली टोकियोत सुरू केली. आपल्याकडे दूरदर्शननं तिला घर दिलं. दरवर्षी यजमान देश खेळ ठरवतो आणि बहुतेक वेळा तो आपल्याच एखाद्या सणातून, गोष्टीतून, पोरांच्या खेळातून घेतो. २०१० साली कैरोत रोबोंनी पिरॅमिड रचले. २०११ मध्ये बँकॉकला पाण्यात दिवे सोडायचा लोय क्राथोंगचा सण होता. २००८ साली स्पर्धा पुण्यात बालेवाडीला आली तेव्हा विषय होता गोविंदाचा, आपल्या दहीहंडीचा. आम्ही प्रेक्षकांत होतो. सातासमुद्रापलीकडून आलेली मुलं हंडीतलं लोणी काढायला यंत्रं घेऊन उतरली होती. चीनच्या शीआन जियाओतोंग विद्यापीठानं तेव्हा विजेतेपद नेलं. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हाचा विषय मला सगळ्यात आवडतो: आईबापाचा रोबो आपल्या पिल्लाला उचलून बागेत नेतो, सी-सॉवर बसवतो, झोपाळ्यावर झुलवतो, खांबांवरून चालवतो, जंगलजिमवर चढवतो. सगळं पुरं करणाऱ्या टीमच्या जयघोषाचा शब्द होता ‘शाबास’. आणि २०२२ साली दिल्लीत होती लगोरी. पाच चकत्यांची उतरंड, एक टीम चेंडूनं ती फोडणार आणि पुन्हा रचणार, दुसरी टीम रचणाऱ्याच्या डोक्यावरचा चेंडू टिपणार.

हे सगळं तुला ठाऊक असेल. मला सांगायचं आहे ते एवढंच, की ज्या गोष्टी करायला तुम्ही रोबोला वर्षभर शिकवता त्या शाळेतल्या प्रत्येक पोराला येतात. नेम धरणं, पळता पळता रचणं, अंग चोरून चेंडू चुकवणं. लगोरी रचताना वरची चकती खालच्या चकतीच्या मधोमध बसली नाही तर काय होतं, हे सहावीतल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. तो जाणकार म्हणून समोर बसलेला असतो. त्याला अडाणी श्रोता समजून बोलायला लागलीस की तुझी शाळाभेट वाया गेली.

जपानी लोकांनी हे आधी ओळखलं. तिथल्या तंत्रशाळांच्या मुलांची रोबोस्पर्धा १९८८ पासून चालू आहे. आपल्या रोबोकॉनची ती थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. पहिल्या वर्षी काय होतं माहीत आहे? टॉर्चमध्ये घालतो तसल्या सेलवर धावणाऱ्या गाड्यांची शर्यत. ना कॅमेरा, ना कॉम्प्युटर. थोडीशी ताकद आणि ती काटकसरीनं वापरायची अक्कल, एवढ्यावरच सारा खेळ.

आता माझ्या वेळचं सांगते. तेव्हा राष्ट्रीय फेरी पुण्यातच व्हायची, त्यामुळे रोबो घेऊन आम्ही लांब कुठे गेलो नाही. आमचा प्रवास एसटीचा. खोक्यात मोटारी, सेल, वायरी आणि मांडीवर रोबो, अशा थाटात आम्ही जुन्नरकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. बीओ मोटारी तू वापरतेसच, त्या पिवळ्या गिअरवाल्या. पोरांच्या हातात तशीच एकेक छोटी मोटर आणि सेल देऊन आम्ही वायरी उलटसुलट जोडायला सांगितल्या. मोटर उलटी फिरली, वर्गात गलका झाला. असं का झालं, हा आमचा ठरलेला प्रश्न. मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘आमच्या विहिरीवरची मोटर भरून आणली की कधी कधी उलटी फिरते. मग पाणी कमी येतं. आप्पा स्टार्टरमधल्या दोन वायरी बदलतात.’

चिमणे, त्या मुलीनं थ्री फेजचा गाभाच सांगितला होता. तीन फेजमधल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की फिरतं चुंबकीय क्षेत्र उलट दिशेनं फिरतं, त्यामागोमाग मोटरही. पंपाच्या पंख्याची पाती एका दिशेला वळवलेली असतात, म्हणून उलट फिरल्यावर पंप चालू राहतो पण पाणी नीट चढत नाही. आमच्या छोट्या मोटरचं कारण वेगळं: तिच्यातलं चुंबक कायमचं असतं, वायरी बदलल्या की गुंडाळीतला प्रवाह तेवढा उलटतो. मग दोन्हींत दोनच वायरी बदलून दिशा कशी बदलते? पुढचा तासभर आम्ही तिथेच अडकलो. कुणी म्हणालं, डीपीवर लाइनमनचं काम झालं की सगळ्यांच्याच मोटारी उलट्या फिरतात. कुणी म्हणालं, मग घरातला पंखा का नाही उलटा फिरत? केवढा मोठा प्रश्न आहे हा! घरात सिंगल फेज असते, तिथे दिशा कॅपॅसिटर आणि दुसऱ्या गुंडाळीच्या जोडणीवर ठरते, हे आम्ही फळ्यावर काढून दाखवलं. स्टार्टरला हात मोठ्यांनीच लावायचा, हेही दहादा बजावलं. तूही बजावत जा.

दुसरी एक गोष्ट थेट तुझ्या तक्रारीचं उत्तर आहे. त्या शाळेच्या पडवीत आम्ही रेघेवरून चालणारा रोबो सोडला. प्रयोगशाळेत तो पांढरी पट्टी कधी सोडायचा नाही. इथे उन्हाची तिरीप आली आणि गडी भरकटला. तुला कारण कळलं असेल: सेन्सर इन्फ्रारेड उजेड खाली टाकतो आणि परत येणारा मोजतो, पांढऱ्यावरून जास्त, गडद जमिनीवरून कमी. उन्हात इन्फ्रारेड इतका, की दोन्हींतला फरक बुडून जातो. एका मुलानं काही न बोलता आपली वही रोबोवर धरली आणि तिची सावली घेऊन तो त्याच्या बरोबरीनं चालू लागला. रोबो सरळ. परतल्यावर आम्ही सेन्सरच्या भोवती काळ्या कागदाचा घोळ शिवला. बालेवाडीला टीव्हीच्या चित्रीकरणाचे दिवे डोक्यावर आले तेव्हा तो घोळ कामाला आला, कारण त्या प्रखर दिव्यांतही इन्फ्रारेड भरपूर होता. टीमच्या वहीत त्या सुधारणेपुढे मी त्या मुलाच्या शाळेचं नाव लिहून ठेवलं.

सामन्याच्या गुणपत्रिकेत शाळाभेटींना एकही गुण नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण सगळीकडे तसं नाही. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमांची त्यांची पहिली रोबोस्पर्धा झाली. केमेन यांच्या जोडीला एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते. त्यांनी मुलांना हे बिंबवलं, की जीव तोडून खेळा, पण समोरच्याचा मान राखा आणि त्याला मदतही करा. तिथे तीन-तीन रोबो एका बाजूनं खेळतात. आत्ताचा प्रतिस्पर्धी पुढच्या सामन्यात तुमचाच जोडीदार असू शकतो. त्या स्पर्धेतला सर्वांत मानाचा पुरस्कार जिंकणाऱ्या रोबोला मिळत नाही. आपल्या भोवतालच्या लोकांत विज्ञानाची गोडी लावणाऱ्या टीमला तो मिळतो. पूर्वी त्याला चेअरमन्स अवॉर्ड म्हणत, आता इम्पॅक्ट अवॉर्ड म्हणतात. आपल्या स्पर्धेनंही तसं काही करावं असं मला फार वाटतं.

अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींची रोबो टीम तुला आठवत असेल. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या रोबोस्पर्धेला जाण्यासाठी त्यांना दोनदा व्हिसा नाकारला गेला, जगभर आवाज उठला तेव्हा वाट मोकळी झाली. धैर्याबद्दल त्यांना रौप्यपदक मिळालं. मला त्यांचा मोठेपणा त्यानंतरच्या कामात दिसतो. करोनाच्या साथीत त्या मुलींनी टोयोटा कोरोलाचे सुटे भाग घेऊन स्वस्त व्हेंटिलेटर बनवायला घेतला. २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना देश सोडावा लागला. काही कतारला, काही मेक्सिकोला गेल्या. इतक्या मोठ्या किमतीचं शिक्षण आपल्याकडच्या मुलींना आज एसटीच्या तिकिटात मिळू शकतं, हे मनात आलं की मला गप्प बसवत नाही.

म्हणून मुलींबद्दल एक हट्ट. रिमोट टेबलावर ठेवलास की मुलगे पुढे येतील, मुली भिंतीला टेकून बघत राहतील. हे सगळ्या शाळांत होतं. ‘मुलींनो, पुढे या’ म्हणून काही होत नाही, उलट त्या जास्तच लाजतात. चार-चार जणांचे गट कर, प्रत्येकाच्या हाताला वेगळं काम दे, आणि दर दहा मिनिटांनी कामं फिरव. पकड, सोल्डरिंग गन, स्विच, सगळं सगळ्यांच्या हातातून गेलं पाहिजे. दोन डीपीडीटी स्विचांचा वायरवाला रिमोट पोरं स्वतः जोडू शकतात. डावं चाक पुढे, उजवं मागे, की गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. ते ज्या मुलीनं स्वतः जोडलं तिला पुढे कुणी काही समजवायला लागत नाही.

आणि भाषण नको. मुख्याध्यापकांच्या खुर्चीशेजारी उभं राहून स्लाइड दाखवायच्या, रोबो दोरीच्या आड ठेवायचा, प्रमाणपत्रं वाटायची, फोटो काढायचे आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं, याला मी आउटरीच म्हणत नाही. पोरांनी रोबो उघडला पाहिजे. स्क्रू हरवतील, एखादी वायर तुटेल, तुमचा टीम लीडर तुझ्यावर वैतागेल. त्याला माझं नाव सांग. पुन्हा त्याच शाळेत जाणं हे तर सगळ्यात महत्त्वाचं. दहा शाळांना एकदा तोंड दाखवण्यापेक्षा एका शाळेत दहादा जा. पुष्कळ शाळांत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आली आहे, वीस लाखांपर्यंतचं अनुदान मिळालं आहे, आणि थ्रीडी प्रिंटर झाकून ठेवलेला आहे. शिक्षकांना दोष देऊ नकोस. त्यांना सोबत बसून चालवून दाखवणारं कुणी भेटलेलं नसतं. तिथे तुमची टीम दर महिन्याला गेली तर त्या खोलीचं कुलूप निघेल.

वेळ काढून पाबळला जाऊन ये. शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते तिथे गेले. शाळेत रमली नाहीत अशी मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करत शास्त्र शिकली. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या लॅबमधली एक. एमआयटीनंतर पाबळ! तिथल्या कार्यशाळेत अर्धा दिवस घालवलास की शाळेत काय न्यायचं आणि काय नाही हे माझ्या पत्रापेक्षा चांगलं कळेल.

दिल्लीच्या राष्ट्रीय फेरीचं म्हणशील तर तू जाणारच आहेस, आउटरीचवाल्यांना मागे ठेवत नाहीत. त्यागराज स्टेडियमला पोचल्यावर पिटमध्ये आपल्या टेबलाला चिकटून बसू नकोस. शेजारच्या टीमला बेअरिंग कमी पडेल, कुणाचा मोटर ड्रायव्हर जळेल, कुणाला रिव्हेट मारायला गन लागेल. दे. आसाम, केरळ, गुजरातच्या मुलांशी बोल, त्यांचे रोबो वाकून बघ, विचार. सामना काही मिनिटांत संपतो. पिटमधल्या गप्पा रात्रभर चालतात. गोवा एक्सप्रेसनं जाणार असाल तर जड लोखंड सीटखाली आणि सर्किटं हातात. विमान ठरलं तर लिपो बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, केबिन बॅगेत न्यायच्या, टोकांना टेप लावून, आणि किती वॉट-अवरची चालते ते विमान कंपनीला आधी विचारून.

शाळेची पहिली तारीख ठरली की कळव. शनिवार असेल तर मी येते. तपकीर गल्लीतून वीस बीओ मोटारी, डीपीडीटी स्विच आणि सेलचे होल्डर घेऊन ठेवते. पाण्याच्या दाबाच्या प्रयोगासाठी सिरिंज आणि सलाइनची नळी तू मेडिकलमधून आण, वेगवेगळ्या मापांच्या आण, म्हणजे लहान सिरिंजनं मोठीला ढकलता येईल. पाना-पकडीचा माझा जुना डबा घरीच आहे, तो तुझा. आणि शाळेतल्या बाईंना आधी फोन करून वर्गात वीज किती वाजता असते ते विचारून घे, त्यावर गाडीची वेळ ठरवू.

तुझी,
मावशी