पारलकोटा भरण्याआधी

रविवार, रात्र.

आज वाचनगटात प्रकाश आमटेंचं ‘रानमित्र’ संपलं. चंद्रपुरातली आम्ही काही घरं, आई-बाबा आणि पोरं एकाच सतरंजीवर. एक पान मोठ्यांनी वाचायचं, एक लहानांनी. पुस्तक मिटताच लेक म्हणाली, “आई, भामरागडच्या मैत्रिणीला बिबट्याबद्दल विचारू?” ही मैत्रीण तिला पुस्तकांनीच दिली. तिकडच्या एका शिक्षिकेने असाच गट जमवलाय. दोन्हीकडे तेच पुस्तक वाचायचं, मग एकमेकींना लिहायचं.

त्या मैत्रिणीचं मागचं पत्र समोर आहे. वहीचं आखीव पान, घडीत वाळलेलं मोहफूल. पहाटे आईसोबत मोह वेचायला जाते, म्हणून वाचन दुपारी, असं तिने लिहिलंय. घरात माडिया बोलणारी ही मुलगी मराठी किती नेटकी लिहिते! तिच्या आईला लिहिता येत नाही. ती सांगते, लेक उतरवून घेते. तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, असं त्या आईने मला विचारलंय. आज त्याचं सविस्तर उत्तर लिहिलं.

१९८२पर्यंत आमचा चंद्रपूर आणि भामरागडचा गडचिरोली हे दोन जिल्हे एकच होते. तरी आमच्या पोरांना पुणं ठाऊक, भामरागड नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात पारलकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, डाकही अडते. म्हणून पत्र उद्याच टाकायचं. पुढचं पुस्तक तिकडच्या मुलांनी निवडायचं ठरलंय.