गूळभेंडीचं बी

हुरड्याचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. चव मात्र फार उशिरा कळली.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. रान तेच राहिलं. काळी जमीन आणि बिनभरवशाचा पाऊस. ज्वारी रब्बीची. हस्ताच्या पावसावर पाभर चालायची नि पौषाच्या थंडीत कणसात दाणा भरायचा. भाकरीला मालदांडी. तिच्या मधोमध चार-दोन ओळी गूळभेंडीच्या. कडेला लावली तर येणारा-जाणारा मोडतो, म्हणून मधोमध. गूळभेंडी हुरड्यासाठीच. दाणा गोड, नि चोळला की टरफलातून पटकन सुटतो. पाखरांनाही ते ठाऊक असतं. म्हणून राखण लागते. राखण आमची.

हुरडा म्हणजे दुधातला दाणा. नख लावलं तर दूध यावं, पण दाणा पाणचट नसावा. अशी अवस्था आठ-दहा दिवस टिकते. मग गोडी मुरते, दाणा पिठूळ होतो, पुढं टणक. आता एस.टी. स्टँडवर कागदी कपात स्वीट कॉर्न मिळतो, त्या मक्याचंही असंच. वेळेत मोडला तर गोड. पण वेळ साधायची तर उभं पीक स्वतःच्या ताब्यात पाहिजे. ज्याचं रान, त्याचीच वेळ. मजुराच्या हाती ज्वारी येते ती खळ्यावर. टणक झाल्यावर. मजुरी म्हणून, बलुतं म्हणून, नाहीतर झाडून आणलेलं मातेरं म्हणून. आपल्याच जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहिलं, तेव्हा या शब्दातली कडू चव साऱ्या महाराष्ट्राला कळली. मला सांगायचंय ते एवढंच, की पिढ्यानपिढ्या आम्ही ज्वारी खाल्ली. कोवळी खाल्ली नाही.

बागायतदाराच्या मळ्यात हुरडा असला की बाला सांगावा यायचा. बा रात्रभर माळ्यावर गोफण घेऊन जागलेला असायचा. सकाळी तो आगटीचा खड्डा खणायचा. गोवऱ्या रचायचा. कणसं मोडून आणून द्यायचा. आगटी पेटली की त्यानं उठून लांब बांधावर जाऊन बसायचं. हे कुणी सांगत नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. कच्च्या कणसाला बाचा हात चालायचा. भाजलेल्याला नाही. शिजलं की विटाळ सुरू.

फुफाट्यात कणसं भाजायची, गरम-गरम हातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायचं. संगं गूळ, दही, लसणाची चटणी. बांधावरून आम्ही बघायचो. मंडळी उठली की एखादा दयाळू वरून दोन मुठी बाच्या धोतराच्या सोग्यात टाकायचा. तोवर गार झालेला, कडक. आगटी विझली की आम्ही पोरं राख चाळायचो. जळके दाणे सापडायचे. मला कितीतरी वर्षं वाटायचं, हुरडा राखेसारखाच लागत असणार.

आई हे सगळं बघत होती. बोलत नव्हती. एका सुगीत काढणीला गेली नि गूळभेंडीचं एक कणीस पदरात बांधून आणलं. चोरी म्हणा. माझी ना नाही. त्याच मळ्यातल्या राखणीच्या रात्री कुणी मोजल्या?

आम्हाला जमीन नव्हती. महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं होतं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. बानं येसकराची काठी टाकली. रान काही आलं नाही. मग आई पेरणार कुठं? तिनं खोपटाच्या मागं, मोरीचं पाणी वाहायचं तिथं, भिंतीकडेला दाणे टोचले. पंधरा-वीस ताटं आली. कणसं भरली तेव्हा जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांना बांधल्या, चिमण्यांपासून वाचवायला. आम्ही पोरं लाळ गाळत उभी. आई हात लावू देईना. एवढ्याशात खायचं काय नि बियाला ठेवायचं काय? दारात हुरडा उभा असून आम्ही तो खाल्ला नाही.

बी कसं धरायचं ते तिच्याकडून शिकावं. कणीस ताटावर पूर्ण वाळू द्यायची. त्यातली भरदार, बिनकिडीची, दाणा सहज सोडणारी निवडायची. चुलीवर आढ्याला टांगायची, म्हणजे धुरानं किडा लागत नाही. पावसाळ्याआधी चोळून, राखेत घोळवून गाडग्यात भरायची. गाडगं उतरंडीच्या तळाला. दर साली पेरायचं, दर साली धरायचं. खाणं नाही.

१९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांचा, धाकटी चारची. विहिरी आटल्या. आई-बा दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनला लाल मिलो. परदेशातली ज्वारीच ती. भाकरी थापायला घेतली की तुटायची, घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. तेवढंच गोड. आई स्वतःची सुकडी आम्हाला द्यायची. एकदा चार दिवस मिलोही आला नाही. बा म्हणाला, “ती कणसं काढ. कण्या कर पोरास्नी.”

आई म्हणाली, “न्हाई.”

“पोरगी रडतीया.”

“ह्ये खाल्लं तर आजचा दिस जाईल. उद्या काय शिजवू? आन् परवा काय पेरू?”

“कुठं पेरणार हायस? रान हाय का तुला?”

आई त्यावर बोलली नाही. बानं कणसाला हात घातला नाही. धाकटी रडत झोपली. त्या रात्री मला आईचा राग आला, तो पुढं कैक वर्षं गेला नाही. आज मी लिहितो, आई बरोबर होती. पोरगी उपाशी झोपली, हेही लिहितो. यातलं एक लिहून दुसरं गाळलं तर ते खोटं होईल.

बाला रानाचा प्रश्न नवा नव्हता. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा बा तुरुंगात जाऊन आला होता. सुटून आला तो रिकाम्या हातानं. पण मनातून रान गेलं नाही. १९८३ साली महारवाड्यातल्या सात घरांनी मिळून गायरान धरलं. माळच तो. दोन महिने दगड वेचले. बैल भाड्यानं आणले. हस्तात पाभर धरली. चाड्यावर मूठ आईची. मधोमध दोन ओळी गूळभेंडीच्या, त्या गाडग्यातल्या.

पौषात दाणा भरला. बानं खड्डा खणला, गोवऱ्या रचल्या, कणसं मोडून आणली, आगटी पेटवली. आणि उठला. चालत जाऊन बांधावर बसला.

आम्ही सगळे बघत राहिलो. त्याचं त्यालाही कळलं नाही. पाय आपसूक गेले. आई ओरडली, “आवं, तकडं कुठं? हिकडं या. आपलंच रान हाय.” बा उठेना. मान खाली. शेवटी आई कणीस घेऊन गेली, त्याच्याच हातावर गरम चोळलं. म्हणाली, “फुका.” त्यानं फुंकर मारली. फोल उडालं. हातात हिरवे, टपोरे दाणे. बानं तोंडात टाकले नि किती वेळ चावतच राहिला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. मीही पहिल्यांदाच खाल्ला. राखेसारखा लागत नाही हुरडा. दुधासारखा लागतो, वर जरा धुराचा वास. तोंडी लावायला आईनं कारळाची चटणी कुटली होती. उरलेला दुसऱ्या दिवशी कांदा-मिरची घालून तव्यावर परतला. आम्ही त्याला सण म्हटलं.

पुढल्या साली उभ्या पिकात रात्री गुरं घातली. कुणी, ते गावाला ठाऊक. पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद. कडबासुद्धा हाती लागला नाही. पण आईनं सगळं बी पेरलंच नव्हतं. निम्मं गाडग्यात होतं. तिसऱ्या साली पुन्हा दोन ओळी.

मित्रांनो, आता कागदाचं बोलतो. भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनं नोव्हेंबर १९९१ मध्ये काढला. आमचं १९८३ चं. तरी सातबाऱ्यावर बाचं नाव चढलं नाही. त्याचं नाव आहे गाव नमुना १-ई मध्ये. ही अतिक्रमणाची नोंदवही. दंडाच्या पावत्या बानं पत्र्याच्या पेटीत जपल्या, आईनं बी जपलं तशाच. २०२२ साली राज्यभर गायरानांवर नोटिसा निघाल्या, तशी आमच्या दारालाही चिकटली. तेव्हा त्या पावत्याच पुढं केल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, तेव्हाही शासनानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलाय. हे पाठ करा. पावती फेकू नका.

आणि एक कायदा आहे २००१ चा, पीकवाणांचा नि शेतकऱ्यांच्या हक्कांचा. त्यात शेतकरी कोण, याची व्याख्या आहे. जो कसतो तो शेतकरीच. पण जो जुना वाण जपतो, निवडतो, तोही शेतकरी. आमच्याच जिल्ह्यात अकोल्याच्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे या महादेव कोळी बाईनं गावरान वाण जपले, तिला २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहे. त्या व्याख्येनं माझी आई खोपटामागं दाणे टोचत होती तेव्हापासून शेतकरी होती. महसूल दप्तरात ती अतिक्रमण करणाऱ्याची बायको म्हणून मेली. दोन्ही कागद सरकारचेच.

आता हुरड्याला चांगले दिवस आलेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर असे वाण काढलेत. शहरातनं गाड्या येतात. माणशी पैसे मोजून हुरडा पार्टी होते, झोके, बैलगाडी, फोटो. मी अशी एक पाहिली. आगटीजवळ आमचीच पोरं होती, रोजानं लावलेली. आता भाजलेल्याला त्यांचा हात चालतो. एवढा फरक पडला, तो मी नाकारत नाही. रान कुणाचं, ते मात्र मी विचारलं नाही. दिसतच होतं.

गाडगं माझ्याकडं आहे. दर साली दोन ओळी पेरतो. सभेला, शिबिराला आलेली पोरं बी मागतात. मी मूठ भरून देतो. देण्याआधी एकच विचारतो, पेरणार कुठं?