शेरा कुणी कुणाला द्यायचा

मे २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली. तोवर लिलाव संपून पैसे आणि माल पोहोचले की दोन्ही पक्ष एकमेकांना शेरा देत: चांगला, मध्यम किंवा वाईट. आता ग्राहकाला तिन्ही मोकळे राहिले. विक्रेत्याने मात्र ग्राहकाला चांगला शेरा द्यायचा, नाहीतर गप्प बसायचं. मी तेव्हा चिडलेल्या विक्रेत्यांच्या बाजूची होते आणि पुढे कित्येक वर्षं तशीच राहिले. आज मला तो निर्णय बरोबर वाटतो. हे मत कसं फिरलं ते लिहून काढावंसं वाटलं, कारण माझे जुने मुद्दे कच्चे नव्हते. अजूनही ते मला ऐकवले जातात, आणि ऐकवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते माझ्याकडूनच घेतलेले असतात.

मी दख्खनच्या संस्थानांची कोर्ट-फी आणि रेव्हेन्यू तिकिटं जमवते. सांगली, मिरज, औंध, फलटण, कोल्हापूर. टपाल तिकिटांसारखी यांना बाजारात फारशी विचारणा नसते, त्यामुळे ज्याला हवीत त्याला शोधून काढावं लागतं. मुंबईतून चालणारं बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतलं आणि त्याचं ईबे इंडिया झालं, तेव्हा आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. जादा नग विकायचे, आलेल्या पैशांतून हवे ते घ्यायचे. म्हणजे मी ग्राहकही होते आणि विक्रेतीही. पण भांडायची वेळ आली की मी विक्रेती असायचे. का, कोण जाणे. बहुधा विकताना पोटात जास्त गोळा येतो म्हणून.

माझं म्हणणं साधं होतं. व्यवहार दोघांचा, तर बोलायचा हक्कही दोघांना हवा. एकाला तोंड आणि दुसऱ्याला कुलूप, हा कुठला न्याय? शिवाय विक्रेत्याचं नाव ही त्याची कमाई असते. ती किती, याचं उत्तरही माझ्याजवळ तयार होतं. पॉल रेझ्निक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर एक प्रयोग केला होता. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याचा सारख्याच जातीचा माल त्यांनी काही वेळा त्याच्या जुन्या खात्यावरून आणि काही वेळा अगदी नव्या, कोऱ्या खात्यांवरून विकला. जुन्या नावाला लोकांनी सरासरी ८.१ टक्के जास्त मोजले. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला आणि मी तो आकडा पाठच केला. लुईस काब्राल आणि अली होर्ताचसू यांनी पुढे दाखवलं की पहिला वाईट शेरा पडला की ईबेवरच्या विक्रेत्याची आठवड्यामागे वाढत असलेली विक्री उलटी घसरू लागते. हेही मी वापरायची. कमाई माझी आणि तिच्यावर काट मारायचा अधिकार एकट्या ग्राहकाला? फेब्रुवारी २००८ मध्ये विक्रेत्यांनी आठवडाभर माल न लावण्याचा बहिष्कार पुकारला, तेव्हा त्यांचा राग जितका नव्या शुल्कांवर होता तितकाच या नियमावरही होता, आणि मला तो राग पटत होता.

मूळ कल्पना खरं तर दोन्ही बाजूंचीच होती. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात हा लिलाव 'ऑक्शनवेब' नावाने सुरू केला आणि पुढच्या फेब्रुवारीत लोकांना सांगितलं की एकमेकांबद्दल जे काही बरंवाईट असेल ते उघड्यावर लिहा. चांगल्याला अधिक एक, मध्यमला शून्य, वाईटाला उणे एक. बेरीज उणे चारवर गेली की खातं बंद. सुरुवातीला व्यवहार न करताही कुणीही कुणाला शेरा देऊ शकत असे! गावाच्या पारावर चालावा तसा हा कारभार होता, आणि गाव लहान होतं तोवर तो चालला.

आता जी गोष्ट आम्ही विक्रेते मोठ्याने बोलत नव्हतो ती सांगते. ग्राहकाचं काम काय? बोली लावली तर पैसे देणं. ते आले की त्याची परीक्षा संपली. मी पैसे मिळाल्याशिवाय पाकीट टपालात टाकत नव्हते, म्हणजे तो चांगला ग्राहक आहे हे मला माल निघण्याआधीच कळलेलं असायचं. तरीही मी शेरा लगेच देत नव्हते. तो अडवून ठेवायचा, आधी त्याचा पडू द्यायचा. सगळेच असं करत. कारण उघड होतं: त्याने वाईट दिला तर माझ्या हातातही काही असावं. दोघांच्या संमतीने शेरे मागे घ्यायची सोय होती, तिने हे आणखी सोपं केलं. वाईटाला वाईट द्यायचा आणि वर गोड निरोप धाडायचा, तुम्ही तुमचा काढा, मी माझा काढते. मला स्वतःला तसा निरोप पाठवायची वेळ आली नाही, पण हत्यार होतंच जवळ.

त्या हत्याराची दुसरी बाजू मला ग्राहक म्हणून दिसली. औंधचं एक कोर्ट-फी तिकीट मी चांगल्या किमतीला घेतलं. स्कॅनमध्ये सुरेख दिसत होतं. हातात आल्यावर उलटं करून उजेडासमोर धरलं तर मधोमध पातळ झालेलं. आम्ही याला थिन म्हणतो. तिकीट वहीत लावायची जुनी चिकटपट्टी, म्हणजे हिंज, ओढून काढताना कागदाचा पापुद्रा निघून येतो, पुढून काही कळत नाही आणि किंमत मात्र निम्म्याहून खाली येते. विक्रेत्याने ते पाहिलं नसेल असं होऊच शकत नाही. मी शेरा दिला नाही. वाईट दिला असता तर त्याने उलटा दिला असता, आणि माझं विक्रीचं खातंही तेच होतं. गप्प बसले.

काही महिन्यांनी एका ओळखीच्या संग्राहकांनी त्याच विक्रेत्याकडून तसाच माल घेतला आणि मला फोन केला. म्हणाले, "ताई, तुम्हीही यांच्याकडून घेतलं होतं ना? मला वाटलं, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे ठीक असणार." त्यांनी त्या विक्रेत्याचं खातं पाहिलं होतं. शंभर टक्के चांगलं. माझं गप्प बसणं त्या शंभरात कुठेच धरलेलं नव्हतं.

हे एकट्या माझंच नव्हतं. रेझ्निक आणि झेकहाउझर यांनी १९९९ सालचे ईबेचे व्यवहार तपासले होते. ग्राहक साधारण निम्म्याच वेळा शेरा देत, आणि दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले असत. ज्या वर्गात सगळ्या मुलांना शंभरापैकी नव्याण्णव मिळतात, तिथली गुणपत्रिका पाहून कुणाला काय समजायचं? क्रिसांथोस डेलारोकास आणि चार्ल्स वुड यांनी तर न दिलेल्या शेऱ्यांनाच हात घातला. दुर्मिळ नाण्यांच्या ५०,००० हून जास्त लिलावांत कोण कधी बोललं, कोण गप्प राहिलं यावरून त्यांनी हिशेब मांडला आणि अंदाज काढला की खरोखर समाधानी ग्राहक ७९ टक्क्यांच्या आसपास असावेत. म्हणजे पाचांतला जवळजवळ एक नाराज, आणि पाटीवर त्याचा पत्ताच नाही. अभ्यास छापून आला तोही २००८ मध्येच. नाण्यांचा होता म्हणून मला जास्त लागला. नाणं पॉलिश केलेलं आहे की नाही हे फोटोवरून ओळखणं आणि तिकिटाचा थिन ओळखणं, दोन्ही सारखंच अवघड.

इथे माझा तो ८.१ टक्क्यांचा आकडा फिरला. मी तो विक्रेत्याची कमाई म्हणून सांगत होते. पण ती जास्तीची रक्कम देत कोण होतं? ग्राहक. कशाबद्दल देत होता? हा माणूस तिकिटाची मागची बाजू लपवणार नाही, या खात्रीबद्दल. ती खात्री जर इतर ग्राहकांच्या भीतीतून तयार झालेली असेल, तर तो खोट्या मालाला खऱ्याचा भाव देत होता. तिकिटाची मागची बाजू फक्त विकणाऱ्याला दिसते. ग्राहकाकडे लपवण्यासारखं असं काही नसतंच. मग एकाच मापाने दोघांना मोजण्याचा हट्ट धरून आपण नक्की कुणाची बाजू घेत होतो, हा प्रश्न मला टाळता येईना.

तरी मी लगेच पूर्ण वळले नाही. मध्ये बरीच वर्षं मी बंद पाकिटाच्या बाजूची होते: दोघांनी शेरा द्यावा, पण दोन्ही आल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कुणाचाच उघडू नये. सूड बंद, हक्क दोघांचा शाबूत. एअरबीएनबीने २०१४ मध्ये हेच केलं, आणि तिथे ते मला आजही योग्य वाटतं. आपलं घर परक्याला राहायला देणाऱ्याचा धोका पाहुण्याइतकाच मोठा असतो. ईबेसाठी गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर आणि अक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनीही बंद पाकिटाचा पर्याय तपासला होता. त्यांची धास्ती अशी की समोरच्याचा शेरा मिळवण्याची ओढ नाहीशी झाली की लोक शेरा द्यायचाच कंटाळा करतील. मला पूर्वी ही सबब वाटायची. मग आठवलं की मी स्वतः ग्राहक म्हणून अर्ध्या वेळा 'चांगला' लिहायचे ते फक्त परतफेड म्हणून.

शेवटचा अडसर मात्र एका निष्कर्षाने दूर केला. मला वाटत होतं की नियम बदलल्यावर चांगले विक्रेते कंटाळून निघून जातील. टोबियास क्लाइन, क्रिस्टियान लाम्बर्ट्झ आणि कोनराड श्टाल यांनी मे २००८ च्या आधीचे आणि नंतरचे ईबेवरचे निनावी तारे ताडून पाहिले. २००७ पासून ग्राहकांना मालाचं वर्णन, बोलणं, पाठवण्याचा वेळ आणि खर्च यांवर गुपचूप तारे देता येत होते, त्यांत सुडाची भीती नव्हती. बदलानंतर हे तारे वाढले. विक्रेते काही जास्त संख्येने सोडून गेले नाहीत. होते तेच जास्त नीट वागू लागले. २०१६ मध्ये हे छापून आलं. वाचताना मला हसू आलं, कारण त्या काळात मीही वर्णनात 'मागे किंचित पातळ' असं लिहायला लागले होते, आणि तोवर मी ते स्वतःच्या सचोटीचं लक्षण समजत होते.

काही बाबतींत मी अजूनही विक्रेत्यांच्याच बाजूची आहे. वाईट शेऱ्याची भीती घालून अर्धे पैसे परत मागणारे ग्राहक असतात. चांगलं तिकीट ठेवून घेऊन आपल्याजवळचं फाटकं परत पाठवणारेही असतात, आणि तसा अनुभव आलेल्याला माझं हे सगळं पुस्तकी वाटेल. फक्त त्यावरचा उपाय म्हणून मला आता उलटा शेरा दिसत नाही. अशा माणसाला आपल्या लिलावातून रोखता आलं पाहिजे आणि तक्रार ऐकणारं कुणीतरी हवं. उबरसारख्या ठिकाणीही माझं मत वेगळं आहे. दारू पिऊन गाडीत बसणारा प्रवासी कसा आहे हे चालकाला आधी कळलंच पाहिजे.

ईबे इंडिया ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. आमच्यातले बरेच जण आता व्हॉट्सॲपच्या गटांत लिलाव करतात. आमच्या गटाचं काम माझ्याकडे आहे. रविवारी रात्री बोली लागते. शेवटच्या मिनिटाला कुणी उडी मारली तर पाच मिनिटं वाढवून मिळतात, आणि तेवढ्यावरूनही रुसवेफुगवे होतात. शेऱ्यांचा नियम ठरवायची वेळ आली तेव्हा मी मांडलं की शेरा फक्त ग्राहकाने द्यायचा. बोली लावून पैसे न देणाऱ्याचं नाव माझ्याकडे कळवायचं, दुसऱ्यांदा झालं की तो गटाबाहेर. आणि तिकिटाची मागची बाजू स्कॅन केल्याशिवाय माल लावायचा नाही.

मिरजेचे एक काका उसळले. तीस वर्षांच्या अनुभवाचा जाणता माणूस. म्हणाले, "ताई, २००८ मध्ये तुम्हीच मला फोन करून सांगितलं होतं की हा अन्याय आहे." सांगितलं होतंच. मी त्यांना औंधच्या तिकिटाची हकीकत सांगितली, आकडेही सांगितले. आकड्यांनी त्यांना काही फरक पडला नाही. मागच्या बाजूच्या स्कॅनला मात्र ते लगेच तयार झाले, कारण परत आलेलं तिकीट आपलंच की बदललेलं हे त्यावरूनच सिद्ध होतं. त्यांची अट एकच होती: शेऱ्याखाली विक्रेत्याला आपलं म्हणणं लिहिता यावं. ती मी तिथल्या तिथे मान्य केली, ती ईबेवरही होतीच.

एका मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. नव्या माणसाच्या पहिल्याच खरेदीचा शेरा धरायचा का? काका म्हणतात, तीन खरेद्या होईपर्यंत नको, नवख्याला थिन आणि शाईचा डाग यांतला फरक कळत नाही आणि तो उगाच बोंब मारतो. नवख्यांबद्दल ते खोटं बोलत नाहीत. पण पहिल्याच खरेदीत फसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला आमच्याकडे येईलच कशाला? मग त्याचं म्हणणं आम्ही कधी ऐकायचं, हे काकांनी अजून सांगितलेलं नाही.