विचारत विचारत

माझी नोकरी फिरतीची. शाळांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाच्या नमुना प्रती घेऊन तालुक्यातालुक्यांतून हिंडायचं, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसायचं, संध्याकाळी लॉजवर ऑर्डरी लिहून काढायच्या आणि सकाळी पुढच्या गावची एसटी पकडायची. हल्ली नव्या मुलामुलींना फिरतीला तयार करायचं कामही माझ्याकडे आलंय. शिवाय ओळखीतल्या कुणाची लेक पहिल्यांदा एकटी कुठे निघाली, की तिच्या आईचा फोन ठरलेला: "तिला जरा चार गोष्टी सांग ना."

या मुलांना बरंच काही आधीच येत असतं. तिकीट काढता येतं, खोली ठरवता येते, नकाशा तर बोटाखालीच असतो. अडतं एकाच ठिकाणी. समोरच्या जिवंत माणसाला थांबवून काही विचारायचं म्हटलं, की ती अवघडतात. एकटं फिरायचं म्हणजे कुणाचीच गरज लागता कामा नये, अशी काहीतरी कल्पना डोक्यात असते. खरं तर घोळक्याने निघालेल्यांना परक्या माणसाची गरज कमी लागते. एकट्याला पावलोपावली कुणावर तरी विसंबावं लागतं. कुणावर आणि कितपत, हे ओळखता आलं की फिरती जमली.

मुक्कामाच्या गाडीचंच घ्या. आडगावाला संध्याकाळी जाणारी शेवटची एसटी बहुधा तिथेच रात्र काढते. ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. म्हणजे त्या गाडीने तुम्ही गेलात तर रात्री परतीचं साधन नाही. मोबाइलच्या नकाशात त्या गावाचा रस्ता दिसतो, अंतर दिसतं, किती मिनिटं लागतील तेही दिसतं. गाडी तिथेच मुक्कामाला थांबणार, हे मात्र स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसलेल्या कंट्रोलरलाच ठाऊक असतं. तो तुसडेपणाने बोलला तरी त्याची माहिती पक्की असते. मला गोड बोलून चुकीची गाडी दाखवणाऱ्यापेक्षा हा माणूस केव्हाही परवडतो.

विचारायचीही एक रीत आहे. "ही गाडी चिपळूणला जाते ना?" असं कधीही विचारू नये. आपल्याकडची माणसं भिडस्त. उत्तर तुमच्याच तोंडात असलं की ती मान डोलावून मोकळी होतात. "ही गाडी कुठली?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे. मग दहा पावलं पुढे जाऊन दुसऱ्याला तेच विचारावं. दोन उत्तरं जुळली तर चढावं. गाडीत बसल्यावर तिकीट घेताना कंडक्टरला सांगून ठेवावं, "मास्तर, फाटा आला की सांगा." हे एक वाक्य बोललं की गाडीतल्या निम्म्या लोकांना तुमचा थांबा कळतो आणि तुम्हाला डुलकी लागली तरी कुणीतरी हलवून उठवतं.

विचारायचं कुणाला? ज्याचं दुकान उद्याही तिथेच असणार आहे त्याला. मेडिकलवाला, चहावाला, झेरॉक्सवाली बाई, शाळेचा शिपाई. गावात त्यांना तोंड दाखवायचं असतं. उलट स्टँडवर उतरताच जो आपणहून पुढे येऊन "कुठं जायचंय, चला, मी सोडतो" म्हणतो, तो वाईटच असेल असं नाही. पण त्याला तुम्ही निवडलेलं नाही, त्याने तुम्हाला निवडलंय. मदत लागली तर माणूस आपण शोधायचा, हा नियम मी स्वतः मोडत नाही आणि नव्या मुलींना मोडू देत नाही.

आता उलट बाजू. तुम्ही विचारणार तसं तुम्हालाही विचारणार. कुठल्या तुम्ही? एकट्याच? मिस्टर काय करतात? आडनाव काय? शेवटच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा जात चाचपणं असतं. तेव्हा नुसतं नाव सांगून मी गावातल्या पावसापाण्याची चौकशी सुरू करते. शेजारी बसलेल्या आजीच्या प्रश्नांनी मात्र चिडू नये. तिला खरोखरच काळजी वाटत असते आणि पुढच्या थांब्यापर्यंत ती तुमच्या बॅगेवर नजरही ठेवते. बाकीच्यांसाठी एक साधं खोटं तयार असू द्यावं: "स्टँडवर घ्यायला येणार आहेत." खरं बोलण्याची संथा घेतलेल्या घरांतल्या मुलांना हे जड जातं. मी म्हणते, परक्याला आपल्या मुक्कामाचा पत्ता देण्याचं व्रत कुणी घेतलेलं नाही. लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर कुणालाही सांगायचा नाही. काउंटरवरच्या माणसाने तो मोठ्याने उच्चारला तर बेधडक दुसरी खोली मागायची.

सगळ्यात मोठा निर्णय घरीच घ्यायचा असतो, तो म्हणजे पोहोचायचं किती वाजता. निघायची वेळ कुठलीही असो, नव्या गावात पाऊल उजेडी पडलं पाहिजे. कोकण रेल्वेची बरीच स्थानकं गावापासून लांब आहेत. रत्नागिरीचं स्थानकही शहराबाहेरच. पहाटे साडेतीनला अशा ठिकाणी उतरलात की बाहेर उभ्या असलेल्या एखाददुसऱ्या रिक्षावाल्याशी वाद घालायचं बळ आपल्यात नसतं. तशी वेळ आलीच तर प्रतीक्षालयात बसून उजाडू द्यावं. उजेडात भावही बरा ठरतो आणि माणूसही नीट दिसतो. रातराणीचं तिकीट काढतानाही हेच बघायचं: ती पोहोचते किती वाजता. रेल्वेचं तिकीट पहिल्या खेपेला कन्फर्म असेल तरच निघावं. आरएसीला बसायची जागा मिळते, पण आख्खी रात्र अनोळखी माणसाबरोबर एका बाकावर वाटून घ्यायची तयारी पाहिजे. पहिल्याच प्रवासात ती कशाला?

लॉजबद्दल थोडं. पैसे देण्याआधी खोली बघायची, कडी आतून लागते का ते स्वतः लावून बघायचं, नळ सोडून बघायचा. अनेक भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारावं. लॉजवालेही कधी कधी तसंच करतात. एका तालुक्याच्या गावी "लेडीज एकट्या असल्या तर आम्ही देत नाही" असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. मी वाद घातला नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं, त्याने दुसऱ्या लॉजला फोन लावून दिला. भांडायचंच असेल तर खोली मिळाल्यावर भांडावं. आधी डोक्यावर छप्पर.

सामानाची माझी एकच परीक्षा आहे: बॅग घेऊन शौचालयात जाता येतं का? एकट्या माणसाची बॅग सांभाळायला कुणी नसतं, म्हणून जिथे आपण तिथे ती. हे जमत नसेल तर सामान जास्त आहे. पैसे दोन-तीन ठिकाणी, आणि त्यात दहा-वीसच्या नोटा हव्यातच. ऑनलाइन पैसे आता चहाच्या टपरीवरही चालतात, पण घाटात रेंज गेली की कंडक्टरला सुटेच लागतात. घरचा एक नंबर पाठ असावा, फोनमध्ये नव्हे, डोक्यात. ढाब्यावर गाडी थांबली की उतरण्याआधी तिचा नंबर बघून घ्यावा, कारण तिथे एकाच रंगाच्या चार गाड्या उभ्या असतात. मुलींना आणखी एक सांगते, आणि हे त्यांच्या आया कधीच सांगत नाहीत. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणी पिणं बंद करू नका. पेट्रोलपंप, शाळा, सरकारी दवाखाना, कुठेही शिरून विचारा. लाजून दिवसभर कोरडं राहिलं की संध्याकाळी डोकं धरतं आणि दोष प्रवासाला दिला जातो.

संध्याकाळीच सगळं अवघड होतं. दिवसा काम असतं, बघायचं असतं. सहा ते आठ या वेळात परक्या गावात दिवे लागतात, घराघरांतून फोडणीचे वास यायला लागतात, आणि आपण लॉजच्या खोलीत ट्यूबलाइटखाली एकटे. भल्याभल्यांना रडू येतं. आमच्याकडचा एक दांडगा मुलगा पहिल्या फिरतीला याच वेळी राजीनामा द्यायला निघाला होता. मी त्याला सांगितलं, दे, पण सकाळी चहा घेतल्यावर दे. परत जायचा निर्णय रात्री घ्यायचा नाही. त्या वेळात खोलीत बसू नये. बाजारपेठेत वर्दळ असते तोवर एक चक्कर मारावी, खानावळीत जेवावं, गल्ल्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलावेत. सकाळ झाली की गाव वेगळंच दिसतं. तरीही परतावंसं वाटलं तर खुशाल परतावं. त्यात कमीपणा काही नाही.

आईबापांनाही मला काही सांगायचंय. दर तासाला फोन करू नका. पोरगं फोन काढून "हो, जेवलो" म्हणत राहतं आणि थांबा निघून जातो. सकाळी निघताना एक आणि मुक्कामी पोहोचल्यावर एक असे दोन निरोप ठरवा आणि तेवढ्यावर राहा. मार्ग, गाडी, लॉजचा फोन हे सगळं एका कागदावर लिहून घरी ठेवायला सांगा. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि कुठेही संकट आलं तर ११२, हे दोन आकडे त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

"आमच्या घरात मुली अशा एकट्या जात नाहीत" असं कुणी म्हणालं, की मी कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं नाव काढते. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या तेव्हा त्यांनी नुकतंच अठरावं वर्ष पुरं केलं होतं. नवरा गोपाळराव मागे राहिले होते. बोटीवर सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचं कुणी नव्हतं. त्यांच्या धाडसाबद्दल सगळे बोलतात. मला त्यांची तयारी जास्त मोलाची वाटते. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर त्याच बाई त्यांना घ्यायला आल्या. पलीकडच्या टोकाचं माणूस त्यांनी टपालाने आधीच जोडून ठेवलं होतं.

पहिल्याच खेपेला हिमालय गाठायची हल्ली टूम आहे. मला ती पटत नाही. भाषा आपली, हवा ओळखीची आणि अडलं तर रातोरात घरी परतता येईल असं ठिकाण आधी घ्यावं. माझं मत विचाराल तर छत्रपती संभाजीनगर. सकाळी पोहोचा आणि स्टँडजवळ खोली घ्या. वेरूळ तीसेक किलोमीटरवर, वाटेतच दौलताबादचा किल्ला. एसटी आहे, शेअर गाड्या आहेत, आणि पर्यटकांची सवय असल्याने एकट्याकडे कुणी टकमक बघत नाही. कैलास लेणं वरच्या कड्यावरूनही बघा, खाली येताना घाई करू नका. दुसऱ्या दिवशी अजिंठा. ते लांब पडतं, शंभरेक किलोमीटर, म्हणून पहिली गाडी पकडा. फर्दापूर फाट्यावर उतरायचं, पुढे लेण्यांपर्यंत तिथली वेगळी बस. तिच्यात चढण्याआधी परतीची शेवटची एसटी कितीची ते विचारून घ्या, दोघांना. तारीख ठरवताना शनिवार-रविवार धरा. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ.