पनवेलची खाडी आणि जिताड्याचा घास

घाटावरून मुंबईला जाताना पनवेलला तुमची एस. टी. थांबते, तुम्ही चहा घेता आणि पुढे जाता. पुढच्या खेपेला तासभर हाताशी ठेवून गाढी नदी खाडीला मिळते तिकडे जा. काठाला खारफुटी, भरतीला वर चढणारे मचूळ पाणी, आणि दुसऱ्या बाजूला वाढतच चाललेल्या इमारती. याच गावात कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खारे पाणी सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्याच.

इथून दक्षिणेला पेण-अलिबागकडे निघालात की खारबांध आणि उघाड्या दिसू लागतात. या पट्ट्यात भाताइतकेच जिताड्याचे कौतुक. पावसाळ्यात खाडीत मिळणारी पिल्ले आणून घराजवळच्या तळ्यात सोडायची, हा इथला जुना रिवाज. जावई आला की तळ्यात जाळे पडते. जिताडा मचूळ पाण्यात वाढतो तसा गोड्यातही वाढतो. आता तमिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने उबवणीची पिल्लेही तयार केली आहेत, त्यामुळे घरच्यापुरता असलेला जिताडा धंद्याचा झाला.

पण हा मासा मांसाहारी, आणि खादाड. कोंडा-पेंडीवर राहणारा रोहू-कटला नव्हे. पिल्ले लहानमोठी झाली तर मोठी लहानांना गिळतात, म्हणून ती निवडून वेगळी करावी लागतात. मग खायला काय घालायचे? तर बंदरावर जिला भाव नाही ती बारीक मासळी. ट्रॉलरच्या जाळ्यात चांगल्या मासळीबरोबर ती ढिगाने येते. दिसायला स्वस्त, आणि जिताडा ती आवडीने खातो.

इथेच हिशेब नीट मांडा. ओल्या मासळीत तीन चतुर्थांश पाणी असते. एक किलो जिताडा वाढायला अशी मासळी पाच-सहा किलो लागते, हयगय झाली तर आठही. कोरडे दाणेदार खाद्य दीड ते दोन किलोत भागते. म्हणजे मासळीचा दर कोरड्या खाद्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असेल तरच ती परवडली, आणि त्यात बर्फ, वाहतूक व कापणी धरायला हवी. उरलेले तुकडे तळाशी कुजतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. शिवाय जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी. त्या दोन महिन्यांत तळ्यातल्या पोटांना सुट्टी नसते! पिल्लांना पहिल्यापासून दाण्याची सवय लावलेली बरी. मोठा झालेला, मासळीला चटावलेला जिताडा दाण्याकडे ढुंकून पाहत नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. त्या ढिगात नुसता टाकाऊ माल नसतो. त्यात मांदेली असतात, जवळा असतो, पुढे मोठी झाली असती अशी धोम्याची आणि पापलेटची पिल्लेही असतात. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला तो याचसाठी. आणि जवळा म्हणजे तुमच्या बाजारात येणारे सुकट. भाकरीबरोबर सुकटाची चटणी खाणाऱ्या घराचा घास कमी करून, शहरातल्या हॉटेलात जाणारा एक किलो जिताडा वाढवायचा, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

तळे लहान असेल तर जुनी रीत वाईट नाही. तळ्यात आपोआप वाढणारी चिलापी जिताड्याला खाऊ द्या आणि जिताडे मोजकेच सोडा. मोठा धंदा करायचा असेल तर आधी कोरड्या खाद्याचा दर विचारा, मग पिल्ले आणा. तळ्यासाठी खारफुटी मात्र तोडू नका. कायद्याने ती तोडता येत नाही, आणि खाडीतली जिताड्याची पिल्ले तिच्याच मुळांत वाढतात.